समुद्राचा स्विच

दवाखाना बंद करून वर्ष होत आलं तरी डॉक्टरीणबाईंच्या हातांना निवृत्ती काही मानवली नव्हती. उभी हयात लोकांच्या दाढा काढण्यात आणि भरण्यात गेलेली. अजूनही समोरचा हसला की त्या आधी त्याचे दात बघत आणि मग माणूस ओळखत. रिकामपण घालवायला त्यांनी विणकाम करून पाहिलं, कुंड्या लावून पाहिल्या. पण लोकरीला कळ येत नाही आणि कुंडीतल्या रोपाला 'आ कर' म्हणता येत नाही, तेव्हा दोन्हींवरून त्यांचं मन लवकरच उडालं.

घर वरच्या मजल्यावर होतं, दवाखाना खाली. दवाखान्यातली बरीचशी यंत्रं एका तरुण डॉक्टरने नेली होती, पण पेशंटची खुर्ची मागे राहिली. ती आणताना दाराची चौकट काढावी लागली होती आणि नेताना पुन्हा चौकट काढायला कुणी तयार होईना. खुर्ची होती म्हणून तिच्यावरचा दिवा होता, दिवा होता म्हणून ट्रे होता, ट्रे होता म्हणून औजारं होती, आणि औजारांना गंज चढू नये म्हणून डॉक्टरीणबाई ती नेमाने पुसत. मुलगा म्हणे, "आईचा दवाखाना बंद झालेलाच नाही. फक्त पेशंट यायचे थांबलेत."

सुनेला घरात सगळे ठिणगी म्हणत. ती तापट होती असं मुळीच नाही, उलट दहा शब्दांचं काम चारात भागवणारी. नाव पडलं ते तिच्या धंद्यामुळे. ती रंगमंचासाठी पिक्सेल लाइट करायची. साध्या माळेतले दिवे सगळे एकदम लागतात आणि एकदम विझतात. पिक्सेलच्या माळेत मात्र प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम सुटतो: तू निळा हो, तू हिरवा, तू जरा थांब आणि मग पांढरा हो. हे हुकूम सोडणारा बोर्ड म्हणजे कंट्रोलर. वरच्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाला ठिणगीचं टेबल होतं, आणि तिथून दिवसभर तारा जोडायला वितळवलेल्या सोल्डरचा वास घरात येत असे.

डॉक्टरीणबाईंना सुनेचं कौतुक होतं, पण ते 'पोरगी हुशार आहे' इथवरच. त्या टेबलावर नेमकं काय चालतं हे विचारायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. ठिणगीलाही सासूबाईंचा धाक असा नव्हता, पण दडपण होतं. डॉक्टरीणबाई साधी बाटली उघडायची तरी अशा ठामपणे उघडत, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेनासं होई.

त्या दिवशी संध्याकाळी शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात मुलांसाठीच्या एका नाटकाचा पहिला प्रयोग होता. नाटक समुद्राच्या तळाशी घडत होतं. तारा, जाळी आणि दिवे यांचे मासे, छताला लटकणाऱ्या जेलीफिश आणि रंगमंचाची अर्धी रुंदी व्यापणारा एक देवमासा, हे सगळं ठिणगीचं काम. सकाळपासून गाडीत सामान चढत होतं. मुलाने बँकेतून रजा घेतली होती आणि हमालाचं काम तो मोठ्या उत्साहात करत होता. त्या उत्साहात त्याने कंट्रोलरचा डबा सीटखाली सरकवला आणि देवमाशाचा लोखंडी स्टँड वरून आत लोटला.

निघण्याआधी प्रत्येक वस्तू एकदा हाताखालून घालायची ठिणगीची सवय होती. तिने डबा बाहेर ओढला. डब्याच्या कडेला एक खाच होती आणि त्या खाचेतून बोर्डवरच्या पॉवर स्विचचं इवलंसं काळं बोंड बाहेर डोकावत असे. खाच होती, बोंड नव्हतं.

"थांब जरा," ती म्हणाली.

नवरा हातातली शिडी घेऊन तसाच थांबला. "काय झालं?"

"स्विच मोडलाय."

पार्किंगमध्येच तिने डब्याला वीज जोडली. नवऱ्याने वाकून खाचेत पेन खुपसलं. आतला हिरवा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. "हे बघ, चालतोय की. वरून चिकटपट्टी मारू. कुणाला पत्ता लागणार नाही."

"हादरा बसला की बंद पडेल. मग पुन्हा सुरू होईल, आणि सुरू झाला की सगळं पहिल्यापासून दाखवायला लागेल." ठिणगीने डब्याची वायर काढली. "तिकडे देवमासा शेवटचे श्वास घेतोय आणि इकडे समुद्रात सकाळ उजाडतेय, असं होईल."

"दुसरा बोर्ड?"

"मागवलाय. पुढच्या आठवड्यात येणार."

शिडी खाली ठेवून नवरा एकदा स्टँडकडे आणि एकदा बायकोकडे बघायला लागला. आपण काय केलंय हे त्याच्या लक्षात येत चाललं होतं. एवढ्यात डॉक्टरीणबाई जिन्यावरून खाली आल्या. कुणाच्या तरी तोंडचं पाणी पळालंय हे त्यांना लांबूनही समजत असे, तो त्यांच्या व्यवसायाचाच भाग होता.

"काय मोडलंय?" त्यांनी विचारलं.

सुनेने डबा पुढे केला. त्यांनी खाचेत डोकावून पाहिलं, डोळे बारीक केले, आणि दवाखान्याच्या दाराकडे बोट दाखवलं. "आत आण. इथे अंधारात काय दिसणार? आणि तू," त्या मुलाला म्हणाल्या, "उरलेलं सामान घेऊन पुढे हो. मासे टांगायला लाग. डबा घेऊन आम्ही टॅक्सीने येतो."

"आई, दुरुस्त होईल?"

"तू इथून हललास तर नक्की होईल."

तो गेला. ठिणगी आपली सोल्डरिंगची पेटी तेवढी गाडीतून काढून घेऊन आत आली.

दवाखान्यात वर्षभरात ती दोन-चारदा आली असेल, तीही काहीतरी शोधायला. डॉक्टरीणबाईंनी ट्रेवर स्वच्छ कापड अंथरलं, खुर्चीवरचा मोठा दिवा ओढून खाली आणला, आणि खणातून भिंगाचा चष्मा काढून डोक्याला बांधला. हा चष्मा खास त्यांच्या डोळ्यांच्या मापाने बनवलेला. त्याला हात लावायची मुभा घरात कुणालाही नव्हती. ठिणगीने डब्याचं झाकण उघडलं आणि चार स्क्रू सोडवून बोर्ड बाहेर काढला. हिरवागार तळहाताएवढा बोर्ड. एका बाजूला माळा जोडायच्या खाचांची रांग, त्यांच्यापाठी फ्यूजची रांग, आणि कोपऱ्यात तो बिचारा स्विच.

"बाहेरचा पत्रा फाकलाय," भिंगातून बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतली पट्टी हलतेय. याला वाचवण्यात अर्थ नाही. काढावा लागेल."

हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या, की ठिणगीला सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. "काढायचाच आहे, आई. प्रश्न त्याच्या जागी काय घालायचं हा आहे. असला स्विच माझ्याकडे नाही."

"मग?"

"असलाच हवा असंही नाही." तिने बोर्डवर बोट ठेवलं. "दिव्यांना लागणारी मोठी वीज इकडून, या फ्यूजमधून जाते. ती या स्विचमधून जातच नाही. हा फक्त बोर्डच्या डोक्याला वीज देतो, आणि डोक्याला लागते थोडीशी. म्हणून याच्या जागी दोन बारीक वायरी काढायच्या आणि त्यांना बाहेर कुठलाही बरा स्विच जोडायचा. काम होईल."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. मग उठून त्या कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेल्या आणि एक्स-रे बघायचा पांढरा डबा घेऊन आल्या. दाढांची शेकडो छायाचित्रं त्यांनी त्याच्यावर ठेवून पाहिलेली. त्याच्या बाजूला काळा, बोटभर रुंद, टक्कन वाजणारा स्विच होता. "हा चालेल?"

ठिणगीने तो दोन-तीनदा टकटक करून पाहिला. "मस्त चालेल. पण डबा मोडावा लागेल तुमचा."

"घे काढून. आता त्यात मी कुणाची दाढ बघणार आहे?"

काम सुरू झालं. ठिणगीने सोल्डरिंगची सळई तापवली आणि बोर्ड उलटा करून स्विचच्या पायांवरचं सोल्डर वितळवायला घेतलं. सोल्डर शोषून घेणारी तांब्याची बारीक विणलेली पट्टी तिच्याकडे होती. ती वर ठेवून तापवली की वितळलेला धातू तीत चढे आणि पाय मोकळा होई. आधी तिने पत्र्याच्या आवरणाचे दोन्ही कान सोडवले. मग मधल्या तीन पायांपैकी कडेचे दोन मोकळे केले. तिचा हात थोडा कापत होता. सासूबाई भिंग लावून शेजारी बसल्या होत्या आणि त्यांचा श्वास तिला कानाशी ऐकू येत होता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाटकाच्या दिग्दर्शिकेचा होता, आणि त्या बाईंचा फोन न उचलणं म्हणजे नंतर दुप्पट बोलणं ओढवून घेणं. दवाखान्यात आवाज तुटत होता.

"आलेच, आई," दाराकडे जात ठिणगी म्हणाली. "मधला पाय अजून धरून आहे. मी येईपर्यंत राहू दे."

डॉक्टरीणबाईंनी 'हं' म्हटलं.

दाराबाहेर ठिणगी समजावत होती: हो बाई, वेळेवर पोचू, नाही बाई, पर्यायी व्यवस्था लागणार नाही. आत डॉक्टरीणबाई स्विचकडे बघत होत्या. चार ठिकाणी सुटलेला, एका पायावर उभा, बोट लावलं तर डुलणारा स्विच. असं काही समोर डुलत असताना गप्प बसणं त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. अशी दाढ त्यांनी हजारदा पाहिली होती. नुसतं धरायचं, उजवीकडे झुकवायचं, डावीकडे झुकवायचं, आणि पेशंटला कळायच्या आत बाहेर. सुनेचा वेळ वाचेल, असंही त्यांच्या मनात आलं. त्यांनी ट्रेवरचा सगळ्यात नाजूक चिमटा उचलला. उजवीकडे, डावीकडे, आणि वर.

स्विच अलगद निघून आला. ठिणगी आत आली तेव्हा त्यांनी तो चिमट्यात धरून वर केला होता. "निघाला बघ."

ठिणगीने स्विचकडे पाहिलं नाही. तिने बोर्ड उचलला, उलटा केला आणि दिव्याखाली धरला.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं आणि त्यांनाही दिसलं. मधल्या भोकाभोवती तांब्याची जी बारीक कडी असायला हवी होती ती जागेवर नव्हती. चिमट्यातल्या स्विचच्या पायाला चिकटून ती वर आली होती, आणि तिच्यामागे दोऱ्याएवढी तांब्याची पट्टी बोर्डवरून उचकटून तुटली होती.

"हा पाय बिनकामाचा असता तर काही बिघडलं नसतं," बऱ्याच वेळाने ठिणगी म्हणाली. "तिघांतला एक बिनकामाचाच असतो. पण तो कडेचा. बोर्डला वीज येते ती मधल्या पायातून."

ही शांतता डॉक्टरीणबाईंच्या ओळखीची होती. दाढेचं मूळ आतच तुटलं की दवाखान्यात अशी शांतता पडायची. फक्त तेव्हा खुर्चीत दुसरं कुणी असायचं आणि पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक असायचं. आज पहिल्यांदाच त्या आपल्या स्वतःच्या दिव्याखाली, स्वतःच्या ट्रेसमोर, काही ठाऊक नसताना बसल्या होत्या. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"माझ्याकडून मोडलं," त्या म्हणाल्या. "तू राहू दे म्हणालीस आणि मला राहवलं नाही. आता हे नीट होण्यासारखं आहे का ते सांग, आणि मी काय करू तेही सांग. रागवायचं असेल ते नंतर सावकाश रागव."

"नंतर मी विसरून जाईन."

"मी आठवण करून देईन."

ठिणगीने खुर्चीच्या कडेवर टेकून खोल श्वास घेतला. मग ती बोर्डवर वाकली, आणि तिच्या आवाजातलं काहीतरी बदललं. "होण्यासारखं आहे. ही पट्टी जिथून येते ते ठिकाण शोधायचं. तिथे वायर थेट जोडली की या भोकाची गरजच नाही. पण बोर्ड हिरवा, पट्टी हिरव्या रंगाखाली, मला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही."

"मला दिसतेय," डॉक्टरीणबाई भिंगातून म्हणाल्या. "तुटली तिथून ती डावीकडे गेलीय. दोन ठिपके ओलांडून वळलीय. आणि एका पिवळट चौकोनी तुकड्याच्या पायापाशी संपलीय."

"तो बोर्डचा स्वतःचा फ्यूज." ठिणगीने विजेची वाट अखंड असली की वाजणारं मीटर काढलं. एक टोक तिने पट्टीच्या उरलेल्या तुकड्याला टेकवलं, दुसरं त्या पिवळट तुकड्याच्या पायाला. मीटर पीप वाजलं. दुसऱ्या पायाला टेकवून पाहिलं तर तिथेही वाजलं, कारण फ्यूज शाबूत होता. मग तिने बोर्ड सुलटा करून वीज आत येते त्या खाचेपासून वाट तपासत आणली आणि नेमका पाय नक्की केला. "हाच. इथे एक वायर. दुसरी वायर त्या कडेच्या भोकात, तिथली कडी धड आहे."

हे बोलून झालं आणि ती थांबली. त्या पिवळट तुकड्याचा पाय तिळाएवढा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर दुसरे पाय होते. सोल्डरचा थेंब जरा इकडेतिकडे झाला की दोन भलतेच पाय एकमेकांना जोडले जाणार आणि मग सगळा बोर्डच कामातून जाणार.

"तुम्ही करा, आई," ती म्हणाली. "मी सांगते तसं. तुमचा हात हलत नाही. माझा सकाळपासून कापतोय."

मघाशी कुणी हे म्हटलं असतं तर डॉक्टरीणबाईंनी सोल्डरिंगची सळई केव्हाच हातात घेतली असती. आता त्यांनी मान हलवली. "माझा हात स्थिर आहे, पण सोल्डर कधी वितळलं आणि कधी नाही हे त्याला कळत नाही. तुझ्या हाताला कळतं. त्याला फक्त टेकायला जागा हवी. तू मनगट हवेत धरून काम करतेस, असं कुणाचाही हात कापेल. आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच शिकवतात. इकडे बघ." त्यांनी सुनेची करंगळी धरून बोर्डच्या कडेच्या रिकाम्या जागी टेकवली. "हे बोट इथून हलवायचं नाही. तो तुझा खुंटा. बाकीची बोटं त्याच्याभोवती फिरू देत."

ठिणगीने सळई न तापवताच एकदा करून पाहिलं. टोक जिथे हवं तिथे गेलं आणि तिथेच राहिलं.

"आणि हे घाल." डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा चष्मा सोडला.

"तुमचा?"

"तुझ्या डोळ्यांना जरा वेगळं दिसेल. पुढेमागे होऊन बघ, एका ठिकाणी स्वच्छ दिसेल." त्यांनी पट्टा सैल करून सुनेच्या डोक्यावर बसवला, केस त्यात अडकू नयेत म्हणून मागे सारले, आणि दिव्याचा दांडा धरून प्रकाश तिच्या डाव्या खांद्यावरून येईल असा केला. मग स्टूल ओढून त्या पलीकडच्या बाजूला बसल्या. तिथे त्यांची मदतनीस बसायची. तिथून खोली कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"वायर धरा," ठिणगी म्हणाली. "टोक पायावर. जरा तुमच्याकडे. अजून. बस, तिथे."

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात वायर धरली आणि दगडासारख्या स्थिर झाल्या. सळईचं टोक खाली आलं. धुराची बारीक रेघ वर गेली. सोल्डर क्षणभर मंद राखाडी दिसलं, मग एकदम चकाकलं.

"सोडू?" त्यांनी विचारलं.

"नाही. थंड होऊ दे."

त्या थांबल्या. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली तरी थांबल्या.

"आता सोडा."

वायर पक्की बसली होती, शेजारचे पाय कोरडे होते. दुसरी वायर भोकात सहज गेली. ठिणगीने मीटरने पुन्हा सगळीकडे तपासलं, जिथे वाजायला हवं तिथे वाजलं आणि जिथे वाजता कामा नये तिथे नाही वाजलं. पण बोर्ड डब्यात ठेवायला ती उठली तशी डॉक्टरीणबाईंनी तिला अडवलं.

"बाहेरचा स्विच कुणी ओढला तर? सगळा ताण त्या एवढ्याशा पायावर जाईल. टाका घातला तरी वर पट्टी बांधतात गं."

ठिणगी थबकली. "घाईत राहिलंच असतं." तिने वायरींचा एक सैल वेढा ठेवून त्या प्लास्टिकच्या पट्टीने स्क्रूच्या खांबाला आवळल्या आणि सांध्यांवर गरम गोंदाचे थेंब सोडले. एक्स-रेच्या डब्यातला स्विच कंट्रोलरच्या डब्याला बाहेरून बसवला. त्याच्यासाठी खाच मोठी करावी लागली, ते काम कानशीने डॉक्टरीणबाईंनी केलं, आणि फार आवडीने केलं.

मग चाचणीची छोटी माळ जोडली. ठिणगीने वीज लावली आणि सासूबाईंकडे पाहिलं. "दाबा."

"तू दाब."

टक्. हिरवा दिवा लागला. क्षणभर काही नाही, आणि मग माळेतून निळा रंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत गेला. डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासायच्या आरशाच्या दांड्याने डब्यावर चारी बाजूंनी ठोकून पाहिलं. निळा रंग आपला वाहतच राहिला.

टॅक्सीत डबा ठिणगीच्या मांडीवर होता. अर्ध्या वाटेत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रागवायचं राहिलं तुझं."

ठिणगीने मांडीवरचा डबा सावरला. "राग आला होता," ती म्हणाली. "फोन कानाला होता आणि मला वाटत होतं की तुम्ही हात लावणार. तरी परत आले नाही, बोलतच राहिले. तुम्हाला नको म्हणायची सवयच नाही मला."

"लावून घे. मला ऐकायची लावून घ्यावी लागेल, ते जास्त कठीण आहे."

नाट्यगृहात सगळे मासे टांगून झाले होते, त्यातले दोन उलटे. ते सरळ करेपर्यंत नाटकाच्या दिग्दर्शिकाबाई तिथे आल्या. धिप्पाड बाई, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा, आणि जवळच्या माणसाशीही त्या त्याच आवाजात बोलत. डब्याला बाहेरून चिकटलेला काळा स्विच त्यांनी संशयाने न्याहाळला.

"हे सकाळी मोडलं होतं ना? कुणी दुरुस्त केलं?"

"हिने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी मोडण्यात मदत केली."

बाईंना वाटलं म्हातारी थट्टा करतेय. त्या हसल्या आणि पुढच्या माणसावर ओरडायला निघून गेल्या.

प्रयोगाच्या वेळी डब्यापाशी कुणीतरी बसणं भाग होतं, कारण ठिणगीला समोर, प्रेक्षकांच्या पाठीमागच्या खोलीत बसायचं होतं. विंगेत एका स्टुलावर डबा आणि शेजारच्या स्टुलावर डॉक्टरीणबाई. त्यांना सूचना एकच होती: काहीही झालं तरी मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कानाला लावायचं छोटं यंत्र दिलं होतं, त्यातून सुनेचा आवाज येत होता.

पडदा उघडला. काळोखातून आधी एक जेलीफिश उजळली, मग तिच्या शेजारची, आणि समोरच्या मुलांमधून एक लांब 'ओऽ' उमटला. डॉक्टरीणबाईंनी हे मासे महिनाभर गॅलरीत तारांचे सांगाडे म्हणून पाहिले होते, चालताना त्यांच्या पदराला ते अडकायचे. आता त्यांच्या अंगावरून रंग सरकत होते, कल्ले उघडत-मिटत होते. ही आपल्याच घरातली पोरगी वरच्या टेबलावर एवढं मोठं काही करत होती आणि आपण तिला जेवायला हाका मारण्यापलीकडे काही विचारलं नाही, हे त्यांना तिथे बसल्याबसल्या चांगलंच लागलं.

देवमाशाचा प्रवेश आला. समुद्र गडद झाला, आणि देवमाशाच्या पोटात एकच पांढरा ठिपका लागत-विझत राहिला. विंगेतून ऑक्टोपस झालेला नट धावत आत गेला. त्याच्या कापडी हातांपैकी एक मागे रेंगाळला आणि एक्स-रेच्या स्विचमध्ये अडकला. डबा फरफटत स्टुलाच्या कडेपर्यंत आला, धाडकन विंगेच्या लाकडी चौकटीवर आपटला आणि तिथेच टेकून राहिला. कापड फाटून सुटलं.

डॉक्टरीणबाईंचे हात आपोआप पुढे झाले होते. ते हवेत तसेच थांबले. त्यांनी रंगमंचाकडे पाहिलं. देवमाशाच्या पोटातला ठिपका लागत होता, विझत होता, लागत होता. त्यात जराही खंड पडला नव्हता.

"आई?" कानात ठिणगीचा आवाज आला. "काही वाजलं का?"

"डबा आपटला. स्टुलाच्या कडेवर आहे. चालू आहे. मागे सरकवू का?"

"सरकवा. दोन्ही हातांनी, हळूच. वायरींना हात नको."

डॉक्टरीणबाईंनी डबा दोन्ही हातांनी धरून मागे सरकवला, आणि मग पडदा पडेपर्यंत एक हात त्याच्या झाकणावर ठेवून बसल्या.

टाळ्या बराच वेळ चालल्या. नाटकाच्या बाईंनी ठिणगीला सगळ्यांसमोर ओढून आणलं. तिने नुसतं देवमाशाकडे बोट दाखवलं, आणि मुलांना तेवढं पुरलं. मुलगा शेवटच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. सकाळचा स्टँड त्याच्या मनातून अजून गेला नव्हता, त्यामुळे इतरांपेक्षा जरा जास्तच.

नाट्यगृह रिकामं झालं आणि आवराआवर सुरू झाली. मासे उतरले, माळा सुटल्या, रंगमंचभर वायरींचा गुंता पसरला. डॉक्टरीणबाईंनी पदर खोचला, एका लांब वायरचं टोक उचललं आणि कोपराभोवती लोकर गुंडाळावी तशी गुंडाळायला घेतली.

"असं नको, आई," ठिणगी म्हणाली. तिच्या आवाजात आता अवघडलेपण नव्हतं. "अशाने आतल्या तारेला पीळ पडतो, काही दिवसांनी ती आतून तुटते. एक वेढा वरून घ्यायचा, पुढचा उलटा, खालून. हात असा वळवायचा."

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. पहिला वेढा जमला, दुसरा सुटला. त्यांनी पुन्हा घेतला.

"असा?"

"जवळजवळ. मनगट आतल्या बाजूला."

तिसऱ्या वायरला त्यांना लय सापडली. मुलगा शिडी घेऊन शेजारून जाताना थांबून बघायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला दुसरं टोक धरायला लावलं. "उभा काय राहिलायस? ताणून धर. आणि गाडीत हे कुठे, कशावर ठेवायचं ते ठिणगी सांगेल. आपण दोघांनी आपल्या मनाने काही ठेवायचं नाही."

एकसारखी गुंडाळलेली वायर त्यांनी ढिगावर ठेवली आणि पुढचीचं टोक उचललं. "पुढचा प्रयोग कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी."

"मी येतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पहिला वेढा वरून घेतला.